दिवसाची पारी

इंद्रकुमारने गाडी घेतली याचं मला काही वाटलं नाही. त्याने ती मला न विचारता घेतली, हे मात्र अजून सलतं. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. त्याला शाळेत बोट धरून मी नेलं, त्याच्या लग्नात मांडवाचे बांबू मी उभे केले. आणि जून महिन्यात एके दिवशी दुकानातून दुपारी जेवायला घरी आलो, तर फाटकात पांढरी, विजेवरची गाडी उभी, तिच्या नाकावर हळदीकुंकवाची बोटं, आणि आमची आई शकुंतलाबाई पायरीवर बसून खोबऱ्याचा तुकडा चघळत होती.

"लाईनवर चालते म्हन्ते," आई म्हणाली. "आवाजच नाही करत."

"आवाज आता मी करतो," मी म्हणालो, आणि न बोलता जेवायला बसलो. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आवाज केला.

आमचं घर कुडव्यात. दुमजली. खाली मी, माझी बायको पुष्पा आणि आई. वर इंद्रा आणि त्याची बायको गुंजन. घर आईच्या नावावर आहे, पण विजेचं मीटर अजून वडिलांच्या नावाने चालतं. यादोराव बकाराम डोंगरवार. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, बिल अजूनही त्यांनाच येतं. गावाकडे भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी होते. कुडव्यात गॅस तसाही ज्याचा त्याचा असतो, त्यामुळे इथे भाऊ वेगळे झाले हे मीटरवरून कळतं. आमच्या गल्लीत एका घराच्या भिंतीवर तीन मीटर आहेत, एकावर दोन, समोरच्या घरावर चार, आणि त्या चारांपैकी दोघे भाऊ एकमेकांच्या तेराव्यालाही जाणार नाहीत. येणारे-जाणारे भिंतीवरचे मीटर मोजतात. मी स्वतः मोजतो. आमच्या भिंतीवर एक होतं आणि मला त्याचा गर्व होता. ते एकच राहावं, एवढंच मला हवं होतं. त्यापायी मी जे केलं ते सांगतो. तुम्हाला माझा राग आला तर येऊ द्या, मलाही येतो.

मे महिन्यात वीज कंपनीची माणसं जुनं मीटर काढून नवीन लावून गेली होती. हे मीटर म्हणे तासातासाचा वापर लिहून ठेवतं, आणि दिवसातल्या ठरावीक तासांत वीज वापरली तर दरात सवलत मिळते. कोणते तास, त्याचा एक छापील कागद ते देऊन गेले. पुष्पाने तो मिरचीच्या डब्याखाली अंथरला. मी वाचला नाही. वाचायचं काय त्यात? स्वस्त वीज रात्रीची असते हे मला कागदाने सांगायची गरज नव्हती. उभा जन्म आमच्या धानाच्या पंपाला लाईन आली ती रात्रीच. दिवसाची लाईन शहराची आणि कारखान्यांची. सगळे झोपले, पंखे मंदावले, की जी उरते ती आमची. विंचूकाट्यात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेलेल्या कुठल्याही धानवाल्याला विचारा. चांगली वस्तू स्वस्तात आणि तीही भरदिवसा मिळाली, असं आमच्यापैकी कोणाच्याही आयुष्यात कधी झालेलं नाही.

दुसरी गोष्ट पारीची. आमचं मूळ गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. आम्ही कोहळी. तळी बांधायची आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकवायचं, हे आमच्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. गावच्या तळ्यातून पाणी सोडायची जी मोरी असते, तिला तुडूम म्हणतात, ती आमच्या घराच्या हाती होती. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कधी जाईल ते आधी आजोबा ठरवत, मग वडील. पुस्तकात त्याला पाळी लिहितात, आम्ही पारी म्हणतो. दिवसाची पारी, रातची पारी. पारी मोडली तर त्या घरी लग्नाला कोणी जात नसे. माझ्या लहानपणीची आठवण अशी, की शाळेतून येताना वडील बांधीवर दिसत, फावडं घेऊन, गुडघाभर पाण्यात. म्हणजे दिवसाची पारी आमची, थोरल्यांची. वडिलांचे धाकटे भाऊ उदारामकाका, त्यांची रातची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांना खाली बोलावलं.

"आयक इंद्रा. मीटर एक आहे, अना गाडी लय लाईन खाते. म्हून आजपासून पारी. दिवसाची पारी खालच्यांची, रातची पारी तुही. दहाले लावाची, सहाले काढाची. दिवसा मले गाडीचा वायर दिसला नाही पायजे."

इंद्रा गणिताचे क्लास घेतो, सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ. मधला अख्खा दिवस तो आणि त्याची गाडी घरीच असतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर दिवसा मनाई केली.

"दादा, पन सवलत त..." तो म्हणाला.

"सवलत मले सिकवतेस? तू जलमला नव्हता तवापासून मी लाईनची वाट पाहून राहिलो."

त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याला नजरेनेच गप्प केलं. ते मी पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

"बरं," तो म्हणाला आणि वर गेला.

गाडीचा पॉइंट पोर्चमध्ये आहे, पण त्याचं बटण माझ्या वऱ्हांड्यात, मीटरच्या पेटीत. दहाला मी बटण चालू करायचो, सहाला बंद. गाडीला स्वतःचं घड्याळ होतं, फोनवरून वेळ लावता येत होती, तरी मी बटण हातात ठेवलं. आता तुम्हाला खरं सांगायला काय हरकत आहे, मला मजा येत होती. दिवसभर दुकानात लोक खताच्या गोणीसाठी माझ्याशी घासाघीस करायचे. रात्री दहाला एक तरी गोष्ट माझ्या बोटाने व्हायची.

गुंजन माझ्याशी बोलत नाही. हे भांडण नव्हे, रीत आहे. मी तिचा भासरा, आणि आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी तोंडाने बोलत नाही. पण ज्या कोणी ही रीत घातली त्याने गुंजन पाहिली नव्हती. ती जिन्यात उभी राहून आईशी बोलायची, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

"आई, तुमच्या मोठ्या लेकाले इचारा, फोन चार्ज कराची पारी कवा आहे?"

मी पण आईलाच सांगायचो. "तिले सांग, फोनले चाकं नाहीत."

"आई, मिक्सर लावून राहिली. चालते ना? का रातचा वाटू वाटन?"

"तिले सांग, जीभ थोडी बंद ठेवली त अख्ख्या घराची लाईन वाचन."

आई दोघांच्या मध्ये बसून तांदूळ निवडायची. एकाचंही बोलणं तिने कधी दुसऱ्यापर्यंत पोचवलं नाही. गरजच नव्हती.

ऑगस्टमध्ये एका रात्री पाऊस पडून लाईन गेली ती सकाळी आली. गाडी पाव भरलेली. त्याच दिवशी गुंजनच्या धाकट्या बहिणीचं, आचलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता, तिच्या माहेरी, सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या वाटेवरच्या गावात. जाऊन येणं एवढ्या बॅटरीत होण्यासारखं नव्हतं. इंद्रा नऊ वाजता खाली आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट. मी दुकानाला निघालो होतो.

"दादा, आजच्या दिवस दीड-दोन घंटे लावू दे. रातभर लाईन नव्हती."

"पारी म्हंजे पारी."

"साक्षगंध आहे दादा. दुपारी बाराले कुंकू लागते."

"मंग बसनं जाय. बस त दिवसाच चालते."

हे मला इतकं आवडलं की दुकानात मी तीन गिऱ्हाइकांना ते सांगितलं. एक जण हसला. दुसरा म्हणाला, "भैया, अपने भाई के साथ ऐसा?" त्याला मी उधारीवर खत देणं बंद केलं.

ते दोघं भर पावसात बसने गेले, सालेकशाला उतरून पुढे दुसरं वाहन शोधलं, आणि पोचले तेव्हा कुंकू लागून पंगत बसली होती. संध्याकाळी परत आले. गुंजनच्या नव्या साडीच्या काठाला वीतभर चिखल. जिन्यात ती थांबली, या वेळी आवाज न चढवता म्हणाली, "आई, तुमच्या लेकाले सांगा, माह्या सख्ख्या बहिनीचा कुंकू मी पाहिला नाही."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटल्याचं कोणाला कळू देणं माझ्या स्वभावात नाही. रोजच्या वेळेला बटण चालू केलं आणि विषय संपला असं धरलं.

आता बिलाचं. दर महिन्याच्या बिलावर सवलतीची एक ओळ यायची. जुलैत आली, ऑगस्टमध्ये आली, सप्टेंबरलाही. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारायचो आणि बिल जिन्याच्या भिंतीवर चिकटवायचो, वर जाणाऱ्याला दिसेल असं. "हा माह्या पारीचा परताप," मी पुष्पाला म्हणायचो. इंद्रा ते बिल रोज चार वेळा पाहत असेल. कधी काही म्हणाला नाही.

नोव्हेंबरच्या बिलात ती ओळ एकदम बारीक झाली. जवळजवळ गेलीच. मी खुर्चीवर बसून विचार केला, आणि तो विचार मला आजही बिनचूक वाटतो, इतका तो सरळ होता. रात्री गाडी लागते म्हणून सवलत मिळते. सवलत घटली, म्हणजे गाडी रात्री कमी लागते. पण गाडी तर रोज फिरतेच आहे. म्हणजे मी दुकानात गेल्यावर तो दुसऱ्या कुठल्या तरी पॉइंटवरून दिवसा लावतो. गणिताच्या मास्तराची चोरी मी गणिताने पकडली, असं मला वाटलं. मी पुष्पाला सांगितलं. ती म्हणाली, "एकवार त्याले नीट इचारा त." मी विचारलं, पण ते नीट नव्हतं.

डिसेंबरातला रविवार होता, सकाळी दहाची वेळ. गल्लीत सगळे उन्हाला बसलेले. इंद्रा अंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकून जिन्यात उभा होता. मी फाटकातूनच सुरू केलं.

"चोट्टा! माह्या मांगं दिवसाची लावतेस? बापाच्या मीटरवर चोरी करतेस?"

"मी नाही लावली," तो म्हणाला.

"मंग सवलत कोठी गेली? आकासात गेली?"

त्याने तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होता. मग माझ्यामागे गल्लीत उभ्या राहिलेल्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुले सांगून का फायदा?"

"पारी मोडनाऱ्याले आपल्या गावात का म्हन्तेत मालूम आहे? त्याच्या घरचा पानी कोनी पेत नाही!"

वरून गुंजन म्हणाली, "आई, त्यायले इचारा, गाडी आवाज करत नाही म्हून हे करून राहिले का तिच्या वाट्याचा?"

गल्ली हसली. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी आत गेलो, दुकानाच्या शटरचं जास्तीचं कुलूप आणलं आणि सगळ्यांच्या देखत मीटरच्या पेटीला लावलं. चार दिवस बटण चालूच केलं नाही, रात्रीसुद्धा. इंद्रा भाड्याची सायकल... नाही, तीही नाही, तो पायी क्लासला जात होता. पहाटे साडेपाचला फाटक वाजायचं आणि मी अंथरुणात जागा असायचो.

"पेटीले कुलूप लावला," पुष्पा मला म्हणाली. "आता मीटर एक राहते का दोन होतेत, पाहा."

आठ दिवसांत तिचं खरं झालं. इंद्राने वेगळ्या मीटरचा अर्ज केला. हे मला त्याने सांगितलं नाही. जागा पाहायला कंपनीच्या इंजिनिअर बाई येणार आहेत, असा फोन आईच्या मोबाइलवर आला, तेव्हा कळलं.

मला कोणी कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं. दोन मीटर! उद्यापासून गल्लीतला प्रत्येक माणूस आमच्या भिंतीकडे पाहून दोन मोजणार. आणि वडिलांच्या नावाखाली त्याचं नाव लागणार नाही, त्या नावाच्या शेजारी लागणार, वेगळ्या पेटीत. मला रडू आलं नाही, मला संताप आला. मग एक गोष्ट सुचली. इंजिनिअर बाईंच्या समोरच त्याची चोरी सिद्ध करायची. लाजेने तो स्वतः अर्ज मागे घेईल. मीटर एकच राहील. मी दुकान बंद ठेवून त्या दिवशी घरी थांबलो आणि स्वच्छ शर्ट घातला.

त्या बाईंचं नाव प्रेरणा. पस्तिशीच्या असतील, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात फाइल. त्यांनी भिंत पाहिली, पेटीचं कुलूप पाहिलं, मला ते काढायला लावलं. काढून दिलं. इंद्रा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता. गुंजन त्याच्या वर चार पायऱ्या. आई वऱ्हांड्यात खुर्चीवर.

"मॅडम," मी म्हणालो, "मीटर द्याच्या आधी एक काम करा. हा मीटर तासातासाचा लिहून ठेवतो म्हन्तेत. नोव्हेंबर महिन्यात दिवसा किती लाईन ओढली ते सगळ्यायसमोर वाचून दाखवा."

"कशासाठी?"

"दाखवा त. कोन चोर आहे ते मालूम पडन."

त्यांनी बिलावरचा नंबर फोनमध्ये टाकला. थोडा वेळ गेला. मग फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर निळे दांडे होते, दोन्ही टोकांना उंच, मधे सपाट.

"हे रात्री दहा ते सकाळी सहा," त्या म्हणाल्या. "इथेच सगळा वापर आहे."

"अना दिवसा?"

"दिवसा काहीच नाही. फ्रिज असेल, पाण्याची मोटर असेल."

"एका दिवसाचा नोका दाखवू. सगरे दाखवा."

त्यांनी एकेक तारीख पुढे सरकवली. एक नोव्हेंबर, दोन, तीन. तीस तारखा. प्रत्येक तारखेला रात्री उंच दांडे आणि दिवसा सपाट. एकही दिवस असा नव्हता की बोट ठेवावं. पंधरा तारखेच्या पुढे मी पडद्याकडे पाहत नव्हतो, पण थांबा म्हणायलाही तोंड उघडत नव्हतं.

"मलाच एक सांगा," बाई म्हणाल्या, "तुम्ही गाडी रात्री का लावता? घरच्या मीटरला सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आहे. दिवसा उन्हावरची वीज भरपूर असते ना, म्हणून. तुम्हाला कागद दिला होता."

"मंग जुलै, ऑगस्टची सवलत?"

"तेव्हा दिवसा काय चालू असायचं?"

आईचा कूलर. तिला उकाडा सोसत नाही. पावसाळ्यातसुद्धा तो पाण्याशिवाय, नुसत्या हवेसाठी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा. दिवाळीच्या झाडझुडीत मीच तो उचलून माळ्यावर ठेवला होता. त्याच्याबरोबर सवलत माळ्यावर गेली. जिच्याखाली मी लाल रेघा मारल्या ती माझ्या पारीची नव्हतीच, आणि त्या गाडीला माझ्यामुळे आजवर एक दिवसही सवलत मिळाली नव्हती.

मी इंद्राकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता.

"मले मालूम होता," तो म्हणाला.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. म्या कागद वाचला होता."

"मंग सांगतला काऊन नाही?"

"सांगत होतो. तू म्हनला, सवलत मले सिकवतेस? मंग मायने मले वर येऊन सांगतला, बोलू नोको बाबा, त्याची पारी त्याले सांभारू दे, घर एक राहू दे. म्हून गप राहिलो. सहा महिने तू म्हनशीन तसा केलो, दादा. मालूम असून रातचीच लावली. माही बायको बहिनीच्या साक्षगंधाले बसमधी उभी राहून गेली. अना तू मले मोहल्ल्यात चोट्टा म्हनला."

माफी माग, असं माझ्या आत कोणीतरी ओरडत होतं. मी मागणारही होतो. पण तोंडातून निघालं ते असं:

"ठीक आहे. आजपासून दिवसाची पारी तुही. देली म्या. फार्म फाडून टाक."

इंद्रा हसला. त्याला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अजूनही तूच देऊन राहिला, दादा," तो म्हणाला.

बाई फाइलमध्ये उगाच कागद चाळत राहिल्या. मग आईने खुर्चीतून हाक मारली.

"कैलास, तुले कोन सांगतला का दिवसाची पारी आपली होती म्हून?"

"सांगाचा कायले, माय? पाहिलो ना मी. बाबा दिवसा बांधीवर राहत."

"तो बांधी उदारामचा होता. उदारामचा पाय अधू, त्याले चिखलात उतरता ये नाही. दिवसाची पारी त्याची, अना त्याच्या बांधीत पानी तुहा बाप लावून दे. आपली पारी रातची. तुडूम आपल्या हाती होता, म्हून रात आपन घेतली होती. तू झोपून राहे. तुले का दिसन?"

"मंग तवाच सांगाचा ना माय! जून महिन्यात!"

"मले वाटला, तुले याद येईन," आई म्हणाली.

चाळीस वर्षं मी ते चित्र डोळ्यांपुढे धरून होतो, फावडं, गुडघाभर पाणी, उन्हात वाकलेले वडील, आणि त्या चित्राच्या जोरावर मी भावावर हुकूम चालवला होता. वडील दिवसभर भावाच्या बांधीत राबत होते आणि रात्रभर स्वतःच्या. ते झोपत कधी होते, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

बाईंनी फाइलमधून फॉर्म काढला. "घर आजींच्या नावावर आहे. मीटर द्यायचं तर त्यांची संमती लागेल. इथे सही."

"माय, नोको करू," मी म्हणालो. "मी कुलूप फेकून देतो. बटनही त्यालेच देतो. तू म्हनशीन तसा राहतो. दोन मीटर नोको होऊ देऊ, माय."

आईने चष्मा मागितला. गुंजनने खाली येऊन तो दिला. "एक मीटर ठेवाच्यापाई म्या त्याचा तोंड दाबून ठेवला," आई म्हणाली. "तू वरडत राहिला अना तो घुसमटत राहिला. असा एक राहून का कामाचा?" मग तिने पेन धरला आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. शकुंतलाबाई यादोराव डोंगरवार. बराच वेळ लागला. मधे एकदा ती थांबली, मला वाटलं आता ठेवेल पेन, पण तिने फक्त चष्मा वर सरकवला.

"एक साक्षीदार लागेल," बाई म्हणाल्या. "याच घरात राहणारा."

पुष्पा दारात होती, ती आत निघून गेली. गुंजन जिन्यावर परत गेली. उरलो मी. मी पुढे झालो. का झालो ते मला सांगता येत नाही. बहुतेक अजून वाटत होतं, की माझा हात पुढे आलेला पाहून तो म्हणेल, राहू दे दादा.

बाईंनी रकाने भरायला घेतले. माझं नाव विचारलं, मी सांगितलं. वय सांगितलं. मग त्या इंद्राकडे वळल्या.

"हे तुमचे कोण?"

इंद्राने माझ्याकडे पाहिलं नाही. क्लासमध्ये मुलांशी बोलतो तशा स्वच्छ मराठीत तो म्हणाला, "घरमालकिणीचा मोठा मुलगा."

बाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, तसंच लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे केला. मी त्याखाली सही केली.